मृणाल काय बघून जेवते?

पान एक

"मी रवींद्र वाघमारे. वय बत्तीस. पोटासाठी मोटार विम्याचे दावे तपासतो, पण पिंड गुप्तहेराचा. बंपरवरचा पोचा नुसता पाहून तो म्हशीने दिला की मेहुण्याने, हे मी छातीठोक सांगतो. माझ्या नजरेतून आजवर एकही गोष्ट सुटलेली नाही."

या शेवटच्या ओळीखाली त्याच्या बायकोने, प्रियांकाने, पेन्सिलीने लिहिलं होतं: गॅसवरचं दूध, मंगळवार.

वही कोरी होती आणि प्रकरण ताजं. त्यांची मुलगी मृणाल, वय सव्वादोन, जेवत नव्हती.

प्रियांका पुन्हा कामावर जायला लागल्यापासून मृणाल दिवसभर वरच्या मजल्यावर शेवंतीकाकूंकडे असायची. काकू मूळच्या दिवा गावच्याच. ही इमारत उभी आहे ती त्यांच्या भाताच्या खाचरावर, त्यामुळे इमारतीत पान हललं तरी त्यांना कळायला हवं असा त्यांचा हक्कच होता. त्यांच्याकडे टीव्हीसमोर बसून मृणाल वाटीभर वरणभात आणि वर अर्धी भाकरी मटकवायची. रवींद्र संध्याकाळी साडेसातला घरात पाऊल टाकायचा, आणि पाचव्या मिनिटाला काकू तिला जेवूखाऊ घालून दारात आणून सोडायच्या. तो आल्याचं त्यांना इतकं अचूक कसं कळतं, हे गूढ त्याने वेगळ्या वहीसाठी राखून ठेवलं होतं.

मग काकू भाच्याच्या लग्नाला दहा दिवस अलिबागकडे गेल्या, आणि मृणालने तोंड शिवून घेतलं.

डॉक्टरबाईंनी वजन केलं, ते गेल्या महिन्यापेक्षा कमी भरलं. त्यांचं म्हणणं, टीव्हीशिवाय जेवली तर सोन्याहून पिवळं. पण सवय एका दिवसात सुटत नसेल तर सध्या एकच कार्यक्रम लावा, शांत, अर्धा तास, आणि कुणीतरी शेजारी बसा. पुढच्या शनिवारी परत आणा. तेव्हाही वजन उतरलेलं दिसलं तर तपासण्या करू. तपासण्या म्हणजे त्या इवल्याशा दंडात सुई, हे प्रियांकाला कुणी सांगायची गरज नव्हती.

एकच कार्यक्रम. पण कोणता?

काकूंना फोन करावा, असं प्रियांकाला वाटलं. साक्षीदाराला थेट विचारणं म्हणजे पेपर फोडणं, असं रवींद्रला वाटलं. तिने फोन लावलाच. पलीकडे लग्नघरी हळदीचा बेंजो वाजत होता.

"मी कनाला काय लावू गो?" काकू ओरडल्या. "टीवी आपली चालूच असते." पुढचं सगळं बेंजोने खाल्लं.

रवींद्रने वहीत नोंद केली: साक्षीदार काहीतरी लपवत आहे.

पान दोन

रजा टाकून त्याने तपास सुरू केला. एका हातात रिमोट, दुसऱ्या हातात घास.

डोलणारा जांभळा हत्ती लावला. मृणालने कानांवर हात ठेवले. निष्कर्ष: तिला जांभळा रंग आवडत नाही.

इंग्रजीत गाणारे टोमॅटो लावले. पुन्हा कानांवर हात. निष्कर्ष: मराठी बाणा.

मराठीत बोलणारा ट्रॅक्टर लावला. कानांवर हात, शिवाय वरण कार्पेटवर. निष्कर्ष: काकूंकडे ती मोठ्यांच्या मालिका बघते. सासूने सुनेला हाकलण्याचा प्रसंग लावला. तिसऱ्यांदा वीज कडाडली तेव्हा मृणाल रडली आणि सूनही रडली. रवींद्रचेही डोळे पाणावले, पण ते त्याने नोंदवलं नाही.

एक बाब मात्र त्याने ठळक अक्षरांत टिपली. प्रत्येक कार्यक्रमात मृणाल टीव्हीपाशी जाऊन पडद्याचा खालचा डावा कोपरा बोटाने ठोकायची आणि निराश होऊन परत यायची. निष्कर्ष: त्या कोपऱ्यात धूळ आहे. त्याने टीव्ही पुसला.

पान तीन

नाही. ते मृणालने फाडलं. मंगळवारी तिच्या पोटात गेलेली ती एकमेव गोष्ट.

पान चार

संशयित: जगन, वॉचमन.

आधार: मृणालला खाली नेलं की ती जगनला कडक सॅल्यूट ठोकते. सव्वादोन वर्षांच्या मुलीला सॅल्यूट कुणी शिकवला? रवींद्रने त्याला गेटपाशी गाठलं आणि चौकशी केली. जगन म्हणाला, मी तर तिला कधी उचललंसुद्धा नाही साहेब, ती काकूंकडेच असते. मग ती तुला ओळखते कशी, असं विचारल्यावर जगनने वर कुठेतरी बघितलं आणि तो लाजला.

निष्कर्ष: बिस्किटं. जगन तिला चोरून क्रीमची बिस्किटं देतो, म्हणून तिची भूक मेली.

"डॉक्टरकडे नेलं तेवढं सोडलं तर ती खाली उतरलेलीच नाहीये आठवडाभर," प्रियांका म्हणाली. "बिस्किटं काय उडत येतात?"

"तिसऱ्या मजल्यापर्यंत दोरी फेकता येते, अगं."

प्रियांकाने त्याच्याकडे बघितलं. लग्नाआधी हाच माणूस कोपरीच्या नाक्यावर तिची वाट बघताना वर्तमानपत्राला भोक पाडून त्यातून बघायचा. तेव्हा तिला ते गोड वाटलं होतं. चूक तिचीच होती.

पान पाच

कोरं. कारण बुधवारी संध्याकाळी टँकर आला.

दिव्यात टँकर आला की तपास, संसार, स्वयंपाक सगळं आहे तिथे थांबतं. रवींद्र दोन बादल्या घेऊन धावला. प्रियांका कामावरून नुकतीच आली होती. काकूंची किल्ली तिच्याकडे होती आणि टँकर आला तर माझंही पिंप भरा, अशी त्यांची सक्त ताकीद. तिने मृणालला कडेवर घेतलं, हातातल्या वरणभाताच्या वाटीसकट वर जाऊन काकूंचं दार उघडलं.

मृणाल घसरून खाली उतरली. तरातरा टीव्हीपाशी गेली, बटण दाबलं आणि चटईवर मांडी घालून बसली.

पडद्यावर चार चौकटी उमटल्या. वर गेट आणि पार्किंग, खाली जिना आणि गच्चीवरची टाकी. आवाज अजिबात नाही.

काकूंकडे इमारतीच्या पाण्याचं खातं होतं. टँकर चुकू नये म्हणून इमारतीतल्या कॅमेऱ्यांचं चित्र त्या दिवसभर टीव्हीवर ठेवायच्या. टीव्ही आपला चालूच असायचा.

गेटच्या चौकटीत जगनने कॅमेऱ्याकडे बघून सॅल्यूट केला. आपण जागे आहोत हे काकूंना दिसावं म्हणून तो अधूनमधून करायचा, काकू गावाला गेल्या तरी सवय राहिली होती. मृणालने उलट सॅल्यूट केला आणि तोंड उघडलं. एक घास. पार्किंगमध्ये कुत्रा आळस देऊन उठला. दुसरा घास. पण तिचे डोळे वारंवार वळत होते ते खालच्या डाव्या चौकटीकडे, रिकाम्या जिन्याकडे.

तिथे रवींद्र आला.

भरलेल्या बादल्या खाली ठेवून त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. वाकून एक ओला ठसा बारकाईने तपासला. तो त्याच्याच चपलेचा होता. भिंतीवरच्या मीटरच्या काचेत बघून त्याने केस सारखे केले. मग मागे सरला, बादलीत पाय घातला आणि पाण्यासकट दोन पायऱ्या खाली गेला.

मृणाल पोट धरून हसली. "पप्पा," तिने आईला सांगितलं, नायकाची ओळख करून द्यावी तसं. आणि आ वासला.

रोज साडेसातला. रोज तो दमूनभागून त्या जिन्यावर एकटा आहे असं समजून हेर व्हायचा, आणि वर त्याची पोरगी शेवटच्या घासापर्यंत त्याची वाट बघत बसायची. मग काकू तिचं तोंड पुसून खाली आणायच्या.

रवींद्र निथळत वर आला. "प्रकरण सुटल्यात जमा आहे. जगनच्या चौकीत दोरी सापडली."

"खाली जा परत," प्रियांका म्हणाली.

"का?"

तिने वाटी दाखवली. रिकामी होती. मग तिने टीव्ही दाखवला. त्याने जवळ जाऊन खालच्या डाव्या कोपऱ्यातला रिकामा जिना बोटाने ठोकला.

"अर्धी भाकरी राहिलीय रे," ती हळूच म्हणाली. "जा ना."

तो गेला.

पान सहा

शनिवारी डॉक्टरबाईंनी विचारलं, कोणता कार्यक्रम निवडलात?

"स्थानिक आहे," रवींद्र म्हणाला.

"मारामारी वगैरे नाही ना?"

"थोडी पडापड."

"आणि शेजारी कोण बसतं?"

"मी," प्रियांका म्हणाली. "हे कामात असतात."

मृणालला काट्यावर उभं केलं. दीडशे ग्रॅम वाढली होती. सुईचा विषय निघालाच नाही. काटा मोकळा दिसला म्हणून रवींद्रही चढला. तो दीड किलो उतरला होता. मृणाल दोन्ही वेळा जेवायची, आणि भेंडी असली की जिना चार वेळा चढावा लागायचा.