चादरीखालचा पेशंट

विद्यापीठ तपासायला कमिटी यायच्या दिवशी सकाळीच रजिस्ट्रार मॅडमनी चांदीला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि पंखाही बंद केला. पंखा बंद करून बोलणारं माणूस कधी चांगलं सांगत नाही.

"तुझी हजेरी बघितलीस का?"

चांदी म्हणजे सायन्सच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी. कपाळावर जन्मापासूनची एक पांढरीशुभ्र बट, म्हणून साऱ्या हॉस्टेलची ती चांदी. इथले प्राध्यापक पडद्यावरच्या ओळी जशाच्या तशा वाचून दाखवत, आणि ओळी ऐकत झोपण्यापेक्षा थेट झोपलेलं बरं, असा तिचा हिशेब. त्या हिशेबाने हजेरी एवढी खाली गेली की परीक्षेला बसू देणार नव्हते. आणि घरून आजीने फोनवर बजावलं होतं, "परीक्षा बुडवलीस तर बॅग उचल नि ये. मामाच्या दुकानात कापड फाडायला माणूस हवंच आहे." आजीने बोललेला शब्द कधी मागे घेतलाय, असं घरात कोणालाच आठवत नव्हतं.

"हजेरी माफ करते," मॅडम म्हणाल्या, "पण आज मी सांगेन तिथे बसायचं. तोंड उघडायचं नाही."

घरी पाहुणे यायचे झाले की लोक शेजारून खुर्च्या मागून आणतात. या विद्यापीठात खुर्च्या रगड होत्या. बसायला माणसं नव्हती. जाहिरातीत दर मजल्यावर एक नवा कोर्स, आणि खऱ्या मजल्यावर ओल्या रंगाचा वास. दिवे तेवढे हुशार बसवले होते. कोणी हललं की लागायचे, सगळं स्तब्ध झालं की आपले आपण विझायचे. रिकाम्या मजल्यावर मधूनच एखादा दिवा लागे. मुलं म्हणत, "उंदीर असेल." मोठ्याने म्हणत, हळू म्हणायला भीती वाटायची.

मॅडमचा बेत सोपा होता. कमिटी पुढच्या जिन्याने चढेल, मुलं मागच्या जिन्याने. चांदीसारखी हजेरी बुडालेली सगळी गोळा केलेली, तीच दर वर्गात बसवायची. वर्ग बदलला की कपडे बदलायचे. पायातले बूट हातात घ्यायचे, आवाज नको.

पहिला वर्ग कायद्याचा. काळे कोट घालून सगळी बसली. कमिटीचे लोक आले, माना डोलावल्या, चहाकडे गेले. सर्वांत मागे एक वाळकुडे म्हातारे गृहस्थ रेंगाळले. त्यांचा कोट एवढा मोठा की बाह्यांतून बोटं दिसत नव्हती.

"काय शिकतेस बाळ?"

"कायदा, सर."

"छान बट आहे हो तुझी," म्हातारबुवा हसले आणि गेले.

फार्मसीच्या वर्गात ते दारातच थबकले. पांढऱ्या कोटात चांदी खिडकीशी बसली होती.

"तू... कायदा ना?"

"औषधं, सर."

म्हातारबुवांचं हसू चेहऱ्यावर अर्धवटच राहिलं, दोरीवर विसरलेल्या कपड्यासारखं.

मागच्या जिन्यात मॅडमनी चांदीला गाठलं. "तुझ्या त्या बटेने घात केला! काळी कर ती."

"कशाने करू?"

मॅडमच्या हातात फळ्यावर लिहायचं काळं मार्कर होतं. बट काळी झाली. पण मजले चढून चढून घाम फुटला, आणि हॉटेलच्या कोर्सात टाय लावून बसेपर्यंत कपाळावरून एक काळा ओघळ नाकापर्यंत उतरला. पुसायला हात उचलावा तर म्हातारबुवा समोर. त्यांनी चौकट धरली.

"तुम्हाला भिंतीपलीकडून पावलं ऐकू येतात का हो?" त्यांनी कमिटीतल्या एकाला विचारलं. "अनवाणी?"

"जेवायला उशीर झालाय," तो म्हणाला. "पोटात गेलं की थांबेल."

शेवटचा मजला नर्सिंगचा. तिथे एकच पलंग होता, त्यावरचा रबरी पेशंट मान निखळल्यामुळे दुरुस्तीला गेलेला. मॅडमनी रिकामा पलंग पाहिला, मग काळा ओघळ पाहिला, आणि दोन्ही दुखण्यांवर एकच इलाज काढला.

"झोप इथे. तोंडावरून चादर घे."

"आणि श्वास?"

"अगदीच हवा असेल तर घे. हळू."

कमिटीने दारातूनच "छान, छान" केलं आणि जेवणाकडे धाव घेतली. मॅडम त्यांच्यामागे, बाकीची मुलं मागच्या जिन्याने खाली. चांदी तशीच पडून राहिली. खोलीत काहीच हलेना, तसा दिवा विझला.

मग लागला. कोणीतरी आत आलं होतं. पावलं पलंगाशी थांबली. चादरीचं टोक उचललं गेलं. चांदीने डोळे घट्ट मिटले होते, तरी मोठ्या बाहीचा थंड काठ गालाला लागला. चादर परत तोंडावर पडली. पलंगाशेजारचा माणूस इतका स्तब्ध झाला की दिवा पुन्हा विझला.

अंधारात कुजबुज आली.

"बाई, का गं माझ्या मागे लागलीस? मी कमिटीतला नाही. खरा कमिटीतला माझा साडू आहे. त्याला आज दोन विद्यापीठं तपासायचीत, एकाच वेळी. म्हणून इथे मला धाडलं, हा त्याचा कोट घालून. आयुष्यभर मी चष्मे विकले गं! खोटेपणा पहिलाच. एवढा सोड."

चांदीला दया आली असती. पण मार्करच्या वासाने आधी शिंक आली. चादर उडाली. दिवा लागला.

म्हातारबुवा जमिनीवर बसले. चांदी काळ्या तोंडाने उठून बसली.

"घाबरू नका. मी मुलगी आहे."

"कोणाची?"

"माझ्या आईची! तुम्ही ओरडलात तर माझी परीक्षा बुडेल, आणि मी बोलले तर तुमचा साडू. समजलं?"

त्यांना समजलं. तेवढ्यात शिंक ऐकून मॅडम धावत आल्या. चांदी आडवी.

"काय झालं सर?"

"काही नाही," म्हातारबुवा कोट झटकत उठले. "पेशंट फार छान आहे तुमचा. अगदी जिवंत."

विद्यापीठाला वरचा दर्जा मिळाला. चांदीची हजेरी माफ झाली. लेखी परीक्षा तिने कशीबशी ढकलली. उरली तोंडी. ती शेवटच्या मजल्यावर होती.

"बाहेरचे परीक्षक आलेत," शिपायाने सांगितलं आणि तिला आत सोडून दार ओढून घेतलं.

टेबलापलीकडे कोणी खाली मान घालून बसलं होतं. बाह्यांतून बोटं दिसत नव्हती.

चांदी दाराशीच थबकली. म्हातारबुवांनी मान वर केली. त्यांच्या नजरेपुढे आधी बट आली, मग चेहरा.

"साडू?" चांदीने हळूच विचारलं.

"आज तीन ठिकाणी आहे तो," ते त्याहून हळू म्हणाले. "पण बाळ, तू या विषयाची तरी नक्की आहेस ना?"

"आहे. प्रश्न विचारा, सर."

"तूच विचार. आणि उत्तरही तूच दे."

चांदीने वर्षभराचा अभ्यास आठवून पाहिला. एकही प्रश्न सुचेना. समोर ते, इकडे ही. दोघंही श्वास धरून एकमेकांकडे बघत राहिले. आणि खोलीत कोणीच नाही असं समजून दिवा विझला.