नाथाच्या शेतातलं भूकंपयंत्र

"नाथाला कुणी फसवू शकत नाय!" गडबच्या नाक्यावर हे रोज ऐकू यायचं. म्हणायचा अर्थात स्वतः नाथाच!

म्हणूनच तो डोलवीच्या कारखान्यात शिफ्टला गेलेला असताना मनस्वी नावाची संशोधक पोरगी त्याच्या शेताच्या कोपऱ्यात यंत्र पुरून, वर झाकण लावून गेली, तेव्हा त्याचं टाळकंच सटकलं. परवानगी दिली होती त्याच्या बायकोनं, ठमाबाईनं.

"कसलं यंत्र गो?"

"लांबच्या भूकंपाच्या लाटा जमिनीखालून येतात, त्या टिपतं. पृथ्वीच्या पोटात पार खोल कुठं जास्त गरम, कुठं कमी, ते त्यावरनं कळतं म्हणं."

"आणि ते बघाया माझंच शेत गावलं? कंपनीचा सर्वे हाय हा! आज यंत्र, उद्या कुंपण. शेत गेलं समज!"

शेतात नाथाचा जीव अडकलेला. पण गडी डोकेबाज! जमीन हलते असं यंत्रानंच सांगितलं, तर इथं कारखाना कोण बांधेल?

नेमकी पुतणीची, पूजाची हळद होती. आगऱ्याची हळद म्हणजे आधीच धरणीमातेची परीक्षा! नाथानं मांडव अंगणातून उचलून थेट शेतात नेला.

"परवीण, मोठा स्पीकर त्या झाकणावर ठेव!" त्यानं डीजेवाल्याला फर्मावलं.

पेण-रोह्याचे पाहुणे बेभान नाचले. नवरीची आत्या दमून बसली, तर नाथानं तिला दंडाला धरून उठवलं.

"बसू नको गो, शेत जाईल! पाय आपट!"

"हळदीत शेत कुठनं आलं रे मेल्या?" आत्या करवादली, पण नाचली.

दुसऱ्या दिवशी मनस्वी आली. यंत्र तपासून तिनं कपाळावर हात मारला.

"काका, काल संध्याकाळी इथं काय झालं?"

"जमीनच तशी हाय," नाथा मिशीत हसला. "हलते. कारखान्याच्या कामाची नाय!"

"कसला कारखाना? आम्ही एका मोठ्या भूकंपाची वाट बघत होतो. काल संध्याकाळी झाला, पार प्रशांत महासागराच्या तळाशी! कुणाला धक्का नाही, काही नाही. त्याच्या लाटा पृथ्वीच्या पोटातून इथवर आल्या. रोह्याला पुरलेल्या आमच्या दुसऱ्या यंत्रानं छान टिपल्या, तुमच्याकडे नुसता डीजे! एवढी नोंद मिळाली असती तर आज यंत्र काढूनच नेणार होतो."

नाथाचा चेहरा खर्रकन उतरला.

"मग आता?"

"आता तसाच दुसरा भूकंप होईपर्यंत राहू दे."

"तो कधी होईल?"

"ते कुणालाच सांगता येत नाही, काका."

तेव्हापासून नाथा स्वतःच्याच शेतात चवड्यांवर चालतो. ठमाबाई जरा धपधप चालली तरी "हळू गो!" म्हणून कळवळतो. आणि रोज सकाळी चहाच्या आधी मनस्वीला फोन लावतो, "बाय, कुठं काय हाललं का?"