सीट कुणी हलवायची नाही

बाबांनी जन्मभर पंखे आणि मिक्सर दुरुस्त केले होते. त्यामुळे गाडीत ब्रेकचा लाल आणि एबीएसचा पिवळा असे दोन दिवे एकदम लागले, तेव्हा ते सुट्टीला आलेल्या लेकीला म्हणाले, “संध्याकाळपर्यंत विझवतो. गाडी म्हणजे काय, चाकं लावलेला मिक्सर!”

“नाही विझले तर गाडी विकायची,” लेक म्हणाली. “ब्रेकशी खेळ नको.”

गाडी आईची होती. ती गेल्यापासून बाबाच चालवत, पण तिची सीट त्यांनी तसूभर हलवली नव्हती आणि कुणाला हलवू दिली नव्हती. बाबा ताडमाड. पुढे ओढलेल्या त्या सीटवर ते घडी घातलेल्या शिडीसारखे बसत.

आधी त्यांनी ब्रेक ऑइल ओतलं. डबी भरलेलीच होती, ऑइल बुटात गेलं. मग कुणीतरी सांगितलं की प्रत्येक चाकापाशी एबीएसचा सेन्सर असतो, त्यावर चिखल बसला की दिवा लागतो. बाबांनी चारही चाकांत हात घालून टूथब्रशने सेन्सर घासले. ब्रश लेकीचा निघाला, ते त्यांनी पोटातच ठेवलं. गाडी सुरू केली. दिवे होते तिथेच, दात काढत.

शेवटी कोपऱ्यावरचा मेकॅनिक आला. माणूस लेकीइतकाच बुटका. तो बसला, गाडी सुरू केली, दिवे गायब. एक चक्कर मारून, कचकन ब्रेक लावून परत आला.

“काका, गाडी ठणठणीत आहे.”

बाबा बसले. दोन्ही दिवे लागले. मेकॅनिक बसला. विझले.

“काका, गाडीचं तुमच्याशी काही वाकडं आहे का?”

“मशीन कुणाशी वाकड्यात शिरत नाही. तू नीट बघ.”

मेकॅनिकने बाबांना पुन्हा बसवलं आणि दाराशी उकिडवा बसून आत डोकावला. “तुमचा उजवा गुडघा थेट फ्यूजच्या पेटीत घुसतोय. झाकण तुटलंय. एबीएसचा फ्यूज ढिला झालाय, गुडघा लागला की करंट तुटतो. सीट मागे घ्या.”

“सीट हलणार नाही.”

“जाम आहे?”

“नाही.”

मेकॅनिकने लेकीकडे पाहिलं. ती खाली वाकली.

“बाबा, आई गेली त्या दिवशी दवाखान्यातून गाडी कुणी आणली?”

“तू.”

“माझे पाय पोचत नव्हते. सीट मी पुढे घेतली. आई चांगली वीतभर मागे बसायची.”

बाबांनी वरच्या आरशाकडे बोट केलं.

“आणि आरसा?”

“तोही मीच फिरवला.”

बाबांनी खालचा दांडा ओढला. सीट कुरकुरत मागे गेली, गुडघे कटकन सुटले. मेकॅनिकने फ्यूज घट्ट बसवला. गाडी सुरू केली, दिवे लागले आणि विझले ते विझलेच. बाबांनी आरसा सरळ केला. त्यात मागचा रस्ता दिसला. इतके महिने त्यात नुसती मागची सीट दिसायची, आणि बाबांना वाटायचं, हिला तेवढंच बघायचं असेल.

“राहू दे गाडी,” लेक डोळे पुसत म्हणाली. “पण बाबा, दुपारपासून माझा ब्रश कुठाय?”

बाबांनी तिची नजर चुकवत आरसा पुन्हा तिरका केला.