तूच लिहून आण

परदेशी गेल्यावर काय काय पदरात पडणार, याचा हिशेब तिने पक्का मांडला होता: दोन वर्षांचं संशोधन, ठरल्या तारखेला पगार आणि अख्खा मायक्रोस्कोप एकटीचा. इथे तो गुरुवारी दोन ते चार मिळायचा, त्यातला अर्धा तास आधीच्याने बिघडवलेलं नीट करण्यात जायचा.

मातीतल्या बुरशीवर डॉक्टरेट मिळून दीड वर्ष झालं होतं. धाकटा भाऊ तिला बुरशीबाई म्हणायचा. एकोणचाळीस परदेशी प्रोफेसरांना तिने पत्रं धाडली, अडतीस गप्प बसले. एकाने लिहिलं, ‘काम आवडलं. गाईडचं शिफारसपत्र पाठवा.’

गाईड म्हणजे सर. शिफारसपत्राची त्यांची पद्धत अख्ख्या विभागाला पाठ होती.

“तूच लिहून आण गं. मी सही करतो.”

“सर, स्वतःबद्दल मी काय लिहू?”

“चांगलं लिही! वाईट लिहायला कशाला माझी सही?”

घरी येऊन तिने लिहिलं, ‘काम समाधानकारक.’ भाऊ मागून डोकावला.

“समाधानकारक? तेवढा तर आपला नळवालापण असतो. जरा हात सैल सोड, बुरशीबाई.”

“म्हणजे थापा मारू?”

“खरंच लिही की! सरांची लेक्चरं कोण घेतं?”

“मी.”

“मशीन बंद पडलं की?”

“मीच.”

“मग?”

भाजी निवडता निवडता आईने भर घातली, “कुणाला नाही म्हणत नाही, तेही घाल. घरात म्हणतेस, ते नको घालूस.”

हात सैल सुटला तो सुटलाच. शेवटचं वाक्य उतरलं: ‘हिच्याविना माझी प्रयोगशाळा एक दिवसही चालणार नाही.’ वाचून तिचा तिलाच गहिवर आला. सरांनी डाव्या हातातला चहा न सांडता उजव्या हाताने सही ठोकली. वाचलं नाही. विद्यार्थ्यांवर त्यांचा विश्वासच तेवढा.

आठवड्याने उत्तर आलं, तेही सरांच्या नावे. ते त्यांनी उभ्या उभ्या वाचून दाखवलं.

“‘जिच्याविना तुमची प्रयोगशाळा एक दिवस चालणार नाही, तिला पळवून नेण्याचं पाप मी करणार नाही. पण असे विद्यार्थी घडवणारा माणूस मला हवाय. वर्षभर पाहुणे संशोधक म्हणून तुम्हीच या.’” सरांनी चष्मा पुसला. “काय लिहिलं होतं गं मी?”

तिने त्यांच्या हातातलं पत्र घेऊन पुन्हा एकदा वाचलं.

“आणि हे बघ, विभागप्रमुखांचं शिफारसपत्र लागतंय. ते म्हणाले, तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो. आता मला कुठे वेळ? तूच लिहून आण.”

कुणाला नाही म्हणत नाही, हे तर सहीनिशी जाहीर झालेलं. तिने लिहिलं. सरांची तोंडभर स्तुती केली आणि शेवटी घातलं: ‘यांना एका वर्षावर सोडू नये, निदान तीन वर्षं ठेवून घ्यावं. यांच्या गैरहजेरीत इथलं काम उत्तम चालतं, याची मी स्वतः खात्री देतो.’

विभागप्रमुखांनी फोनवर बोलत बोलत सही केली. सरांनी स्वतःच्या हाताने पाकीट चिकटवलं.

सर तीन वर्षांसाठी गेले. प्रयोगशाळेचा कार्यभार, पगारासकट, तिच्याकडे आला. मायक्रोस्कोपची चावी आता तिच्याच पर्समध्ये असते, सोमवार ते शनिवार.

एकूण हिशेब असा लागला: परदेश सरांना, मायक्रोस्कोप तिला आणि सरांचा तीन वर्षांचा पगार त्या भल्या प्रोफेसराच्या माथी. दोन्ही पत्रं नीट वाचणारा तेवढा एकटाच निघाला.