येथे जाहिराती दिसत नाहीत

आख्ख्या जुन्या जालन्यात इंटरनेटवरच्या जाहिराती बंद करणारी पहिली बाई मीच! दोन हजार आठ सालची गोष्ट. पुरावा हवा असेल तर आमच्या ह्यांना विचारा. पाहुणे आले की चहाच्या आधी हीच गोष्ट वाढतात.

घराच्या पुढच्या खोलीत माझं नेट कॅफे होतं. सहा कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर आणि मी. कॉम्प्युटर मी अर्धा शिकले पुस्तक वाचून आणि अर्धा बिघडवून. गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. एक कॉलेजचा निकाल बघून रडणारं, दुसरं मोंढ्यातला, म्हणजे शेतमालाच्या बाजारातला, भाव बघून रडणारं.

हे भाव टाकायचा नरहर. गल्लीच्या टोकाला राहणारा, तिशीतला, चष्मेवाला. वडलांची मोंढ्यात आडत, दलालीची पेढी, पण ह्याला गादीवर बसायचं नव्हतं. रोज सकाळी मोंढाभर हिंडून कापूस, सोयाबीन, मोसंबीचे भाव टिपायचा आणि अकराच्या ठोक्याला आपल्या वेबसाइटवर टाकायचा. शेतकरी माझ्याकडे भाव बघून मगच माल सोडायचे. त्यामुळे व्यापाऱ्यालाही थाप मारण्याआधी दोनदा खोकावं लागे.

तर एका दुपारी टेंभुर्णीचे कडूबा, माझे जुने गिऱ्हाईक, पेढ्यांचा पुडा घेऊन हजर!

"ताई, तोंड गोड करा! मोटार लागली मला!"

"कुठं हो?"

"तुमच्याच कॉम्प्युटरवर! सकाळी भाव पाहून राह्यलो व्हतो, तर मधीच चौकोन उड्या मारायला लागला. तुम्ही दहा लाखावे पाव्हणे, मोटार तुमची! ते पोस्टानं येती का कशी, तेवढं बघा. घरी फोन केल्ता. दोन्ही म्हशी बाहेर बांधून गोठा रिकामा केलाय."

चौकोन अजूनही पडद्यावर गोंधळ्यासारखा नाचत होता. खरं सांगायला मला चार पेढे लागले. कडूबांनी उरलेला पुडा बांधला, म्हणाले, "म्हशींना आता काय सांगू?" आणि गेले.

मला रात्रभर झोप नाही! दुसऱ्या दिवशी एका मासिकात वाचून जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर शोधलं आणि सहाही कॉम्प्युटरवर बसवलं. पडदे न्हाऊन वेणी घातलेल्या पोरींसारखे दिसू लागले. दारावर पाटी लावली : येथे जाहिराती दिसत नाहीत! हे म्हणाले, "सोबत गिऱ्हाईकही दिसत नाही, हेही लिही." मी लक्ष दिलं नाही. खवचट बोलणं अडवायचं सॉफ्टवेअर लग्नाच्या पहिल्या वर्षीच बसवलंय मी.

कडूबांनी मात्र नाक मुरडलं. "भावाशेजारी बियाण्याची जाहिरात व्हती ना, टपोऱ्या बोंडांची? तेवढंच बघायला बरं वाटायचं. आमच्या रानात कुठं तसं येतंय!"

महिना झाला, आणि नरहर आला. चेहरा पडलेला.

"काकू, काहीतरी भुताटकी आहे. भाव बघायला रोज तेवढीच माणसं येतात, पण जाहिरात निम्म्यांच्या डोळ्याला दिसेना. निम्म्याच्या वर माणसं तर तुमच्याकडूनच येतात. तुमच्या सगळ्यांना एकदम मोतीबिंदू झाला का?"

मी पाटीकडे बोट दाखवलं. अभिमानाने, बरं का!

नरहर मटकन स्टुलावर बसला. मग कळलं ते असं. भाव फुकट दिसतात, कारण शेजारी जाहिराती असतात. जाहिरात दिसली की कंपनी नरहरच्या खात्यात थोडं टाकते, कुणी ती दाबली की जास्त टाकते. शंभर डॉलर साचले की चेक. चौदा महिन्यांत त्र्याण्णव साचले होते. वडलांनी बजावलं होतं : रथसप्तमीपर्यंत चेक दाखव, नाहीतर ते कॉम्प्युटरचं खूळ बंद आणि गुमान गादीवर बस!

"पण माझ्या डोळ्यांनी काय बघायचं ते मी ठरवणार ना?" मी म्हटलं.

"ठरवा की! पण भाव माझे बघायचे आणि जाहिरात तेवढी झाकायची, हा कुठला न्याय? पंगतीत बसून जिलबी खायची अन् आहेराच्या वेळी मागच्या दाराने पळायचं!"

"आहेर? त्या चौकोनाने कडूबांच्या म्हशी उन्हात बांधल्या!"

"तो माझ्या साइटवरचा नव्हता, काकू. दुसऱ्याच कुठल्या पानाचा उडत आला होता. माझ्याकडे बियाणं, ट्रॅक्टर, झालंच तर विमा."

आतून हे ओरडले, "अगं, टीव्हीवर जाहिरात लागली की तू उठून कणीक मळतेस, ती चोरी नव्हे का?"

"काका, त्या उठतात. पण टीव्हीवर गोणपाट टाकून नाही उठत!"

वाद तासभर चालला. शेवटी नरहर चष्मा पुसत हळूच म्हणाला, "काकू, त्या गादीवर बसलं की मला माझ्या वडलांसारखा खोकला येतो हो." त्याच संध्याकाळी सहाही कॉम्प्युटर मोकळे केले, पाटी उतरवली. पण रथसप्तमीला उरले बारा दिवस आणि त्र्याण्णवचा काटा काही हलेना. पाप माझं, तर निस्तरायचंही मीच!

संक्रांतीचं हळदीकुंकू होतंच. गल्लीतल्या बावीस बायका बोलावल्या. नरहरला पत्ता लागू दिला नाही. म्हटलं, पोराला चकित करू! अत्तर लावलं, तिळगूळ दिला आणि जाहीर केलं, "बायांनो, यंदा वाण म्हणून प्लास्टिकचा डबा नाही. यंदा एका गरीब पोराचं भलं लुटायचं. भावांच्या शेजारी ज्या जाहिराती आहेत, त्या दाबायच्या!"

"खर्चा नाही ना येणार?" दुर्गाबाई. ह्या शिवणकामवाल्या, कापड बघितल्याशिवाय टाका घालत नाहीत.

"बिलकुल नाही. खर्चा कंपनीचा."

"मंग मी पाच दाबते. पाच सवाष्णींचा मान."

तिथेच वणवा पेटला! डबे करून विकणाऱ्या गिरिजाबाई म्हणाल्या, "पाच? दारात भिकारी आलाय का? माझे अकरा!" तिसरीने एकवीस केले. दुर्गाबाई पुन्हा रांगेत! "मला मघाशी कुणी सांगितलंच नाही. माझे एक्कावन्न लिहा." कमी दाबलं तर चारचौघीत नाव जाईल ना! सहाही कॉम्प्युटरच्या उंदरांना, म्हणजे माउसना, हळद, कुंकू, तीळ, गूळ सगळं चिकटलं. शेवटी देवाच्या नावाचे म्हणून वर एक-एक. एकट्या ट्रॅक्टरच्या जाहिरातीवर त्या दुपारी सव्वासहाशे क्लिक पडले, आणि त्या बावीस जणींत सायकल चालवता येणारी एकही नव्हती!

दुसऱ्या सकाळी नरहर धावत आला. "काकू! एकशे सत्त्याऐंशी! एका रात्रीत!" पाठोपाठ त्याचे वडील. आकडा बघून टोपी सारखी केली, खोकले, म्हणाले, "बराबर आहे. पोरगं कामाचं निघालं." मी कृतकृत्य! ह्यांच्याकडे असं बघितलं की बास!

तिसऱ्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. नरहरने इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं. आवाज विहिरीतून येत होता. आपल्या खात्यावर अवैध क्लिक आढळले आहेत. खातं कायमचं बंद. साचलेली रक्कम जाहिरातदारांना परत.

"अवैध?" मी कडाडले. "बावीस सवाष्णींनी हळदीकुंकू लावून केलेले क्लिक अवैध?"

नरहरने माझ्याकडे बघितलं. मग उंदराकडे. हळद अजून निघाली नव्हती.

"काकू," तो म्हणाला, "हे तुम्ही?"

मी रात्री बसून कंपनीला पत्र लिहिलं. साहेब, यात लबाडी नाही, आमच्यात विषम आकडा शुभ धरतात, एक्कावन्न क्लिक आहेराचे समजावे. नरहरने ते इंग्रजी करून पाठवलं. मिनिटाच्या आत उत्तर : आम्ही आपल्या अर्जाचा काळजीपूर्वक विचार केला आहे, निर्णय तोच. मिनिटात! एवढ्या वेळात आमच्या तहसीलात शिपाई मानसुद्धा वर करत नाही!

रथसप्तमीला नरहर गादीवर बसला. साइट बंद. पुढच्या बाजाराला कडूबा आले, रिकाम्या पडद्यापुढे टोपी काढून बसून राहिले. म्हणाले, "काल भाव न पाहता गेल्तो मोंढ्यात. जे दिले ते घेतले."

ते मला पेढ्यांपेक्षा जड गेलं. मी एक मोठा फळा करवून दाराबाहेर टांगला. नरहर गादीवरून चोरून फोन करायचा. "नमस्कार, आजचे भाव!" असं अगदी रेडिओसारखं म्हणायचा बिचारा. मी खडूने लिहायची. कापूस, सोयाबीन, मोसंबी. फुकट! बिनजाहिरातीचं!

आठवडा गेला. दुर्गाबाई आल्या, "कोपऱ्यात माझं फॉल-पिकोचं लिहू द्या की." एक्कावन्न क्लिकवाल्या बाईला नाही कसं म्हणणार? मग गिरिजाबाईंचे डबे. मग ह्यांची जुनी स्कूटर विकणे आहे. मग नरहरच्या वडलांनी पेंटरच पाठवला : माल आमच्याच आडतीवर आणा! तेही ऑइलपेंटने, पुसायची सोय नाही.

कडूबा फळ्यापुढे उभे राहून मोठ्याने वाचत होते. "फॉल... पिको... डबे... स्कूटर... ताई, कापूस कुठाय?"

"तो काय, स्कूटरच्या चाकाखाली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून पोतं आणलं, खिळ्याला अडकवून आख्खा फळा झाकला आणि विळ्याने बरोबर तीन भोकं पाडली. कापूस, सोयाबीन, मोसंबी. बाकी काही दिसेना!

दुर्गाबाई पदर खोचून आल्या. "माझं फॉल-पिको झाकलं! ही चोरी झाली!"

मी कडूबांना समजवायला तोंड उघडलं. "अहो, भाव फुकट बघायचे आणि जाहिरात तेवढी झाकायची, हा कुठला न्याय?"

कडूबा शांतपणे म्हणाले, "ताई, पोतं कोरंच हाय. त्याच्यावर ल्ह्या ना काय ल्ह्यायचं ते."

दुर्गाबाई घरी खडू आणायला धावल्या. त्या परत येईपर्यंत पोत्याच्या अगदी मधोमध, तिन्ही भोकांच्या वर, ठळक अक्षरात लिहून झालं होतं : घरगुती शेवया, कुरडया व पापड मिळतील. आत चौकशी करा.

आता आत मीच असते, त्याला काय करणार!