वर्ग 'ड' मधली माय

ज्या वस्तूची दुसरी प्रत नाही ती आपल्याकडे आहे, असं समजू नये. संगणकवाल्यांना हे ज्ञान अलीकडे झालं. सरकारी कचेरीला ते पहिल्यापासून होतं, म्हणून तर तिथं साधा रजेचा अर्जही तीन प्रतींत मागतात (तिन्ही हरवतात, पण क्रमानं).

सिडकोत राहणारे साहेबराव अशाच एका कचेरीच्या अभिलेख कक्षातून चौतीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झाले. या काळात त्यांच्या ताब्यातला एकही कागद गहाळ झाला नाही. सापडला नाही, ही गोष्ट वेगळी. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरच्या संगणकातून टिकटिक ऐकू येऊ लागली, तेव्हा हैदराबादला नोकरी करणाऱ्या मुलानं, आकाशनं, फोनवरच निदान केलं.

"पप्पा, हार्ड डिस्क चाललीय. नवी आणा, केबल लावा, मी सांगतो ते बटण दाबा. अख्खीच्या अख्खी कॉपी व्हईल. पाच तास लागतील."

"न बघताच?"

"न बघताच."

"बिगर तपासणीचं उचलून न्यायला ही काय लूट हाय का?" असं म्हणून साहेबरावांनी फोन ठेवला.

पत्नी लीलाबाई यांची मागणी याहून लहान होती. त्या संगणकात साहेबरावांच्या आईचा, भामाबाईंचा, अकरा मिनिटांचा आवाज होता. भामाबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्याआधीच्या दिवाळीत खुलताबादच्या घरी आकाशनं त्यांचं बोलणं मोबाइलवर भरून घेतलं होतं. तो मोबाइल पुढे चोरीला गेला आणि संगणकातली एकच प्रत राहिली. झाडावरचं सीताफळ उतरवायला आलं हे कसं ओळखायचं, इथून ते बोलणं सुरू होतं आणि नवव्या मिनिटाला "सायबा, जेवला का रं?" इथं येतं. साहेबरावांना सायबा म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं. दुपारी लीलाबाईंचा डोळा लागला की ते तेवढं नववं मिनिट लावत आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसत (सदर बाब कुठेही नोंदवलेली नाही).

"आधी मायचा आवाज काढून घ्या," लीलाबाई म्हणाल्या. "बाकीचं ऱ्हायलं तरी चालतंय."

"येईल की. क्रमानं येईल."

रविवारी प्रत-निर्मिती समिती स्थापन झाली. अध्यक्ष साहेबराव, सदस्य-सचिव साहेबराव, सदस्य लीलाबाई (पोळ्या लाटत असल्यानं अनुपस्थित). पहिल्याच बैठकीत एकमतानं ठरलं की, डिस्कवरच्या प्रत्येक फाइलची हातानं रजिस्टरात नोंद घ्यावी, वर्गवारी करावी आणि मगच ती नव्या डिस्कवर न्यावी. संगणक टिकटिक करत होता. समितीनं त्याची दखल घेतली.

वर्ग 'अ', कायम जतन: सातबारा, खरेदीखत, तसेच देवादिकांची व थोर पुरुषांची चित्रं असलेले सुप्रभात संदेश. या शेवटच्या नोंदीला कुणी हसू नये. असा संदेश स्वतःच्या बोटानं पुसण्याची छाती आपल्या शहरात कुणाची आहे? असे संदेश चौदा हजार दोनशे सहा निघाले.

वर्ग 'ब', तीस वर्षं: लग्नकार्याचे फोटो (पैकी साहेबरावांचे डोळे मिटलेले, सातशे बारा). वर्ग 'क', पाच वर्षं: विजेची बिलं आणि वेरूळची सहल (एकाच दगडी हत्तीचे एकोणऐंशी फोटो). वर्ग 'ड', एक वर्ष, त्यानंतर नष्ट: विषय, संदर्भ व जावक क्रमांक नसलेली किरकोळ प्रकरणं.

भामाबाईंच्या फाइलचं नाव 'आवाज-००४७' एवढंच होतं. विषय नाही, संदर्भ नाही, सही नाही. ती 'ड' मध्ये गेली.

"तुमची माय हाय ती," लीलाबाई म्हणाल्या, "अर्जदार नाय."

"म्हणूनच पुढं घेता येत नाय. लोक काय म्हणतील?"

लोक म्हणजे त्या घरात लीलाबाई एकट्या होत्या, आणि त्या काय म्हणत होत्या ते साहेबरावांना चांगलं ऐकू येत होतं. पण प्रश्न तत्त्वाचा होता. चौतीस वर्षांत त्यांनी एकाही ओळखीच्या माणसाचं काम रांगेबाहेर केलं नव्हतं (रांगेतल्यांचंही केलं नव्हतं).

तेविसाव्या दिवशी ते 'क' वर्गात, एकसष्टाव्या हत्तीवर असताना टिकटिक थांबली.

"बघ," ते कौतुकानं म्हणाले, "शिस्त लावली की यंत्र बी सुधारतं."

मग पडदा काळा झाला.

औरंगपुऱ्यातल्या दुकानदारानं डिस्क उघडून पाहिली. "काका, अंदर की प्लेट पूरी घिस गई. इसमें अब कुच नै." साहेबरावांनी हे लेखी मागितलं. त्यानं दिलंही.

ते घरी आले आणि बूट न काढता खुर्चीत बसून लहान पोरासारखे रडले. लीलाबाईंनी वर्गवारीचा विषय काढला नाही.

दोन दिवसांनी आकाशला आठवलं: आजीच्या दहाव्याला त्यानं ती फीत घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली होती. म्हणजे एक नाही, बेचाळीस प्रती. साहेबराव तडक उठले आणि एकेकाला फोन लावत सुटले. चौकशीचा निष्कर्ष असा: फीत मिळालेले सदस्य बेचाळीस. त्याखाली जोडलेल्या हातांचं चिन्ह टाकलेले बेचाळीस. फीत उघडून ऐकलेला, एकही नाही. हात जोडणाऱ्यांत पहिला क्रमांक खुद्द साहेबरावांचा होता. घरी संगणकात आहेच, म्हणून त्यांनी फोनवर ती उघडली नव्हती. आता त्यांनी फीत उतरवून घ्यायच्या खुणेवर बोट ठेवलं. गोल चक्र फिरलं आणि इतकी वर्षं कुणीच उतरवून न घेतलेली फाइल आता उपलब्ध नाही असं उत्तर आलं. ते पुन्हा दाबत राहिले.

साहेबरावांना आपण मनसोक्त हसावं, त्यांची चूक हसण्यासारखीच आहे. फक्त हसून झाल्यावर आपला फोन काढून पाहावा. गावाकडून आईनं पाठवलेला चार मिनिटांचा निरोप अजून तसाच पडला असेल. 'कामात आहे, नंतर ऐकतो' असं आपण त्याखाली लिहिलंही असेल. ही गोष्ट वाचायला साधारण तेवढाच वेळ लागला.