दुनळीचा तिसरा पल्ला

प्रत्येक बंदुकीला दोन पल्ले असतात. नेम धरून काम होतं तिथवरचा प्रभावी पल्ला, आणि गोळी नुसती जाऊन पडते तिथवरचा कमाल पल्ला. शिकारी रायफल साधारण तीनशे मीटरवर काम करते आणि चार किलोमीटरवर जाऊन पडते. रिव्हॉल्व्हर पंचवीस मीटरवर काम करतं आणि किलोमीटरभर लांब कुणाच्या तरी पत्र्यावर वाजतं. छऱ्याच्या बारा बोअर दुनळीचा कारभार चाळीस मीटरवर संपतो. छरे मात्र पुढे दोन-अडीचशे मीटर उगीच भटकतात. (हे आकडे बंदुकीचे आहेत. धरणाऱ्याचे काढण्याची पद्धत नाही.)

आम्ही कोल्हापूरकर शास्त्राला धरून, पण शास्त्रापाशी न थांबणारे. त्यामुळे आमच्याकडे तिसराही पल्ला मोजतात : घरात बंदूक आहे हे जिथवर ठाऊक आहे, तिथवरचा.

या हिशेबाने उदयसिंह इंगवल्यांची दुनळी हे अतिदूर पल्ल्याचं शस्त्र होतं. ती असायची पन्हाळ्याच्या पायथ्याच्या घरात, कपाटावर. पण मुलगी शिरोळला दिलेली असल्यामुळे दहशत थेट कृष्णाकाठापर्यंत. परवाना वडिलांपासूनचा, शेतसंरक्षणाचा. तिने संरक्षण केल्याची नोंद सापडत नाही. एकदा गवा उसात उतरला तेव्हा उदयसिंह दुनळी घेऊन बांधावर गेले, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांपैकी एक मागे फिरला. (गवा पुढे आठवडाभर उसातच होता.)

दुनळीचा खरा उपयोग निवडणुकीत. आचारसंहिता लागली की ठाण्यातून फोन यायचा, बंदूक जमा करा. मग उदयसिंह फेटा बांधून, उघड्या जीपमधून, नळ्या आभाळाकडे करून बाजारपेठेतून सावकाश निघत. मिसळीला थांबत. कुणी विचारायचं, "कुठं चाललासा, सरकार?"

"जमा कराय. आपल्याकडं असली म्हंजे प्रशासनाला झोप लागत न्हाय."

यंदा फोन आला नाही. चुलतभाऊ राजवीरला आला. राजवीरकडे रिव्हॉल्व्हर, म्हणजे प्रभावी पल्ल्यात दुनळीपेक्षा पंधरा मीटर कमी! भावकीत हे अंतर फार असतं.

"तुमच्याबद्दल सायबाचं चांगलं मत झालं असंल," पत्नी संयोगिता म्हणाल्या. इतकं लागट त्या लग्नापासून बोलल्या नव्हत्या.

पारावर तोवर बातमी पोचली होती. दूध संस्थेचा चेअरमन व्हायला निघालेला माणूस सरकारदरबारी निरुपद्रवी ठरला, तर त्याला मत कोण देणार? उदयसिंह जीप काढून ठाण्यात गेले.

हवालदार तेजस्वीने यादी पाहिली. "काका, तुमचं नाव न्हाय."

"न्हाय म्हंजे? दर खेपेला असतंय की!"

"तवा सरसकट सगळ्यांच्या घेत हुतो. आता ज्यांच्यापास्नं धोका हाय, त्यांच्याच."

"मग माझ्यापास्नं?"

"काय बी न्हाय."

"नीट बघा की मॅडम."

"बघितलं. एक गुन्हा न्हाय, एक तक्रार न्हाय. लई चांगला माणूस हायसा."

उदयसिंहांचा चेहरा उतरला. "गावसभेत मी खुर्ची फेकून मारलेली हाय."

"कुणाला लागली?"

"वारं हुतं. प्लास्टिकची हुती." (खुर्चीचा कमाल पल्ला अद्याप निश्चित झालेला नाही.)

"आणा हिकडं," तेजस्वी दयेनं म्हणाली. खटका दाबून तिने दुनळी उघडली, नळ्या खिडकीच्या उजेडाकडे धरल्या आणि एक डोळा मिटला. पलीकडे उजेड दिसेना. दोन्ही नळ्यांत कुंभारमाशीने चिखलाची घरं बांधली होती. खालच्या घरांना वरची माडी होती.

"काका, ही कधी उडवलासा?"

"वेळच आली न्हाई. नुसतं नाव पुरतंय."

"आता उडवलासा तर छरं पुढं न्हाई जायचं. नळी फुटून सगळं तुमच्याच तोंडावर."

उदयसिंहांनी क्षणभर विचार केला. त्यांचे डोळे चमकले. "म्हंजे धोका हाय!"

"हाय. तुमच्या जिवाला."

"मग घ्या की जमा! तसं लिवा. फकस्त एक करा मॅडम... 'जीवितास धोका' एवढंच लिवा. कुणाच्या, ते कशाला?"

तेजस्वीने हसू दाबत पावती फाडली.

परतीच्या वाटेवर ती पावती मिसळीच्या दुकानात वाचली गेली, पारावर वाचली गेली, राजवीरच्या दारात तर जीप बंद पडल्यामुळे दोनदा वाचली गेली. अंधार पडायच्या आत शिरोळहून जावयाचा फोन आला. आवाजात आदर होता. दुनळीचा प्रभावी पल्ला त्या दिवशी अधिकृतरीत्या चार बोटं भरला, धरणाऱ्याच्या नाकापर्यंत. बाकीच्या पल्ल्याला धक्का लागला नाही. पुढे चेअरमनही तेच झाले.

वाचकहो, हसा, हसण्याला परवाना लागत नाही. फक्त परवा सिग्नलवर त्या पोलिसापुढे तुम्ही जी "माझी वर ओळख आहे" रोखली होती, ती एकदा सवडीने उघडून उजेडाकडे धरा. आणि धरताना तोंड जरा बाजूला ठेवा.